डीव्हीडी रायटर

डीव्हीडी रायटर हे कोऱ्या प्रकाशीय तबकडीवर लेसर किरणांच्या साहाय्याने माहिती नोंदवणारे व नोंदवलेली माहिती वाचणारे संगणकाचे उपकरण आहे. केवळ सीडी लिहिणाऱ्या उपकरणास सीडी रायटर, तर ब्लू-रे तबकडीही लिहू शकणाऱ्या उपकरणास ब्लू-रे रायटर म्हणतात. तबकडीवर माहिती नोंदवण्याच्या क्रियेला बोलीभाषेत ‘सीडी बर्न करणे’ किंवा ‘राइट करणे’ असे म्हटले जाते. डीव्हीडी वाचणाऱ्या पण फक्त सीडी लिहू शकणाऱ्या जुन्या उपकरणास ‘कॉम्बो ड्राइव्ह’ असे नाव होते.

घरगुती संगणकासाठी रायटर निवडताना वेष्टनावर ठळकपणे छापलेला कमाल वेग हा निकष सर्वाधिक वापरला गेला. प्रत्यक्षात तबकडीचा प्रकार, ती पुढे कोणत्या यंत्रावर वाचली जाणार आहे, संगणकाशी होणारी जोडणी आणि लेखनाचा दर्जा या बाबी वेगापेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात. लग्नाचे चित्रीकरण, कौटुंबिक छायाचित्रे किंवा कागदपत्रे यांची तबकडी ही अनेकदा एकमेव प्रत असते. सदोष लेखन त्या वेळी लक्षात येत नाही. मूळ प्रत पुसल्यानंतर काही वर्षांनी ते उघड होते, तेव्हा उपाय उरलेला नसतो.

इतिहास

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ध्वनिमुद्रित सीडीचे मानक निश्चित केले आणि १९८२ मध्ये अशा तबकड्या बाजारात आल्या. या तबकड्या कारखान्यात साच्यातून छापल्या जात. वापरकर्त्यास त्यांवर काहीही नोंदवता येत नसे. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आर या तबकडीचे मानक १९९० मध्ये, तर पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचे मानक १९९७ मध्ये आले. सुरुवातीचे सीडी रायटर अतिशय महाग असल्याने ते संस्था व स्टुडिओ यांच्यापुरते मर्यादित होते. १९९५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने एक हजार अमेरिकी डॉलरपेक्षा किंचित कमी किमतीचा रायटर आणला आणि त्यानंतर हे उपकरण हळूहळू घरगुती संगणकात दिसू लागले.

डीव्हीडीच्या बाबतीत दोन गट निर्माण झाले. डीव्हीडी फोरम या संघटनेने डीव्हीडी-आर, डीव्हीडी-आरडब्ल्यू व डीव्हीडी-रॅम हे प्रकार मान्य केले, तर सोनी, फिलिप्स आदी कंपन्यांच्या दुसऱ्या गटाने डीव्हीडी+आर आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू हे प्रकार पुढे आणले. एका गटाच्या तबकडीवर दुसऱ्या गटाचा रायटर लिहू शकत नसे. त्यामुळे त्या काळात रायटर विकत घेणे म्हणजे कोणता गट टिकेल याचा अंदाज बांधणे होते. २००२ मध्ये सोनीने दोन्ही प्रकारच्या तबकड्या लिहिणारा रायटर आणला. पुढे सर्वच उत्पादकांनी तीच पद्धत स्वीकारल्याने हा प्रश्न निकालात निघाला. दोन थरांची डीव्हीडी+आर २००४ मध्ये, तर संगणकासाठीचे ब्लू-रे रायटर २००६ मध्ये आले. ब्लू-रेची प्रतिस्पर्धी असलेली एचडी डीव्हीडी ही प्रणाली तोशिबाने २००८ मध्ये बंद केली.

भारतात कोऱ्या तबकड्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन मोझर बेअर या कंपनीने केले. प्रकाशीय तबकड्यांचा वापर घटल्यानंतर ही कंपनी आर्थिक अडचणीत आली व २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश देण्यात आला.

कार्यपद्धती

प्रमाणित तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. कोऱ्या तबकडीवर केंद्राकडून कडेकडे जाणारी एकच सर्पिलाकार खाच आधीच कोरलेली असते. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी व डीव्हीडीमध्ये या खाचेवर सेंद्रिय रंजकद्रव्याचा पातळ थर आणि त्यामागे परावर्तक धातूचा थर असतो. रायटरमधील लेसर वाचनाच्या वेळी मंद, तर लेखनाच्या वेळी प्रखर असतो. प्रखर किरण जेथे पडतो तेथील रंजकद्रव्यात कायमचा बदल होतो आणि त्या ठिकाणाहून होणारे परावर्तन कमी होते. परावर्तनातील या फरकावरूनच नंतर माहिती वाचली जाते.

पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीत रंजकद्रव्याऐवजी विशिष्ट मिश्रधातूचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने तो स्फटिकी व अस्फटिकी अशा दोन अवस्थांत बदलता येतो. अशा तबकडीवर सुमारे एक हजार वेळा लिहिता येते. मात्र तिचे परावर्तन मुळातच कमी असल्याने अनेक जुने प्लेअर ती ओळखत नाहीत.

तरंगलांबी जितकी कमी तितका किरणाचा ठिपका लहान होतो आणि खाचेचे वेटोळे अधिक जवळजवळ बसवता येतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरला जातो. याच कारणाने डीव्हीडी रायटरमध्ये केवळ सॉफ्टवेअर बदलून ब्लू-रे तबकडी वाचता येत नाही. त्यासाठी वेगळा लेसर असलेले उपकरणच लागते.

तबकड्यांचे प्रकार

• सीडी-आर : ७०० मेगाबाइट किंवा ८० मिनिटांचे ध्वनिमुद्रण. जवळजवळ सर्व प्रकाशीय ड्राइव्हवर वाचली जाते.
• डीव्हीडी-आर व डीव्हीडी+आर : एका थरात ४.७ गिगाबाइट, दोन थरांत ८.५ गिगाबाइट.
• डीव्हीडी-आरडब्ल्यू व डीव्हीडी+आरडब्ल्यू : ४.७ गिगाबाइट, पुन्हा लिहिता येणारी.
• डीव्हीडी-रॅम : पुनर्लेखनासाठी अधिक टिकाऊ, मात्र अनेक घरगुती प्लेअर ती वाचत नाहीत. ‘सुपर मल्टी’ असा उल्लेख असलेले रायटर ही तबकडीही लिहितात.
• ब्लू-रे : एका थरात २५, दोन थरांत ५० गिगाबाइट. बीडीएक्सएल या प्रकारात तीन थरांत १००, तर चार थरांत १२८ गिगाबाइट. त्यासाठी बीडीएक्सएलची सोय असलेलाच रायटर लागतो.
• एम-डिस्क : दीर्घकालीन साठवणीसाठी असेंद्रिय लेखनथर असलेली तबकडी. या प्रकारातील डीव्हीडी लिहिण्यासाठी त्या तबकडीस अनुकूल असा रायटर आवश्यक असतो.

डीव्हीडी व ब्लू-रे तबकडीची क्षमता दशमान पद्धतीने मोजली जाते. त्यामुळे ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी विंडोज प्रणालीत सुमारे ४.३८ गिगाबाइट इतकी दिसते. हा तबकडीतील दोष नव्हे.

निवडीचे निकष

वेग

सीडीसाठी मूळ वेग, म्हणजे ‘१ एक्स’, हा सेकंदाला १५० किलोबाइट, डीव्हीडीसाठी सुमारे १,३८५ किलोबाइट, तर ब्लू-रेसाठी सुमारे ४.५ मेगाबाइट असतो. म्हणून सीडीचा ५२ एक्स आणि डीव्हीडीचा १६ एक्स या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. १६ एक्स वेगाने लिहिली जाणारी डीव्हीडी प्रत्यक्षात ५२ एक्सच्या सीडीपेक्षा जवळजवळ तिप्पट माहिती घेत असते.

वेष्टनावरील वेग हा कमाल वेग असतो. वेगवान लेखनात तबकडीचा फिरण्याचा वेग साधारणतः स्थिर ठेवतात. त्यामुळे केंद्राजवळ लेखन मंद असते आणि कडेजवळ पोहोचल्यावरच छापील वेग गाठला जातो. १६ एक्सचे डीव्हीडी लेखन आरंभी ६ ते ७ एक्सच्या आसपास असते. पूर्ण तबकडी लिहिण्यास सुमारे पाच ते सहा मिनिटे लागतात, तर ८ एक्स वेगाने सुमारे आठ ते नऊ मिनिटे. म्हणजे निम्म्या वेगाने लिहिल्यास खर्च होणारा जादा वेळ केवळ तीन-चार मिनिटांचा असतो. २२ किंवा २४ एक्स वेग सांगणारे रायटरही तो वेग निवडक दर्जेदार तबकड्यांवरच वापरतात. इतर तबकड्यांवर ते आपोआप वेग कमी करतात.

लॅपटॉपसाठीचे पातळ रायटर साधारणतः डीव्हीडी ८ एक्स आणि सीडी २४ एक्स वेगाने लिहितात. घरगुती वापरासाठी हा वेग पुरेसा आहे.

जोडणी

जुन्या संगणकांत रायटर ४० पिनांच्या रुंद आयडीई केबलने जोडला जाई. एका केबलवर दोन उपकरणे असल्यास त्यांच्या मागील जंपर ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ असे लावावे लागत. त्यानंतर साटा जोडणी रूढ झाली. तीत प्रत्येक उपकरणास स्वतंत्र केबल असते व जंपरची गरज राहत नाही. जुन्या संगणकासाठी रायटर घेताना मदरबोर्डवर यांपैकी कोणती सोय आहे हे प्रथम पाहावे लागते, कारण आयडीई व साटा यांची टोके एकमेकांत बसत नाहीत.

अंतर्गत रायटर बसवण्यासाठी कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची कप्पा लागतो. अनेक आधुनिक कॅबिनेटमध्ये तो नसतो, तसेच बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये प्रकाशीय ड्राइव्ह नसतो. अशा वेळी यूएसबीवर चालणारा बाह्य रायटर हा व्यवहार्य पर्याय ठरतो. तो घेताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, वीजपुरवठा : यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. लेखनाच्या वेळी लेसर व मोटर यांची गरज वाढते. प्रवाह अपुरा पडल्यास लेखन मध्येच थांबते किंवा ड्राइव्ह संगणकावरून दिसेनासा होतो. म्हणून काही उत्पादक दोन टोकांची केबल किंवा स्वतंत्र अडॅप्टर देतात. वीज न पुरवणाऱ्या यूएसबी हबवर असा रायटर जोडणे टाळतात. दुसरी गोष्ट, माहितीच्या वहनाचा वेग : डीव्हीडीसाठी यूएसबी २.० पुरेसे आहे. परंतु ब्लू-रेच्या १६ एक्स लेखनास सेकंदाला सुमारे ७२ मेगाबाइट लागतात व ते यूएसबी २.० च्या आवाक्याबाहेर आहे.

बफर व खंडित लेखनापासून संरक्षण

लेखन सुरू असताना संगणकाकडून माहिती अखंड यावी लागते. सुरुवातीच्या रायटरमध्ये हा ओघ क्षणभर खंडला तरी तबकडी वाया जाई. म्हणून सीडी लिहिताना संगणकावर दुसरे कोणतेही काम न करण्याची पद्धत होती. माहितीचा तात्पुरता साठा ठेवणारी रायटरमधील स्मृती, म्हणजे बफर, ही अडचण काही अंशी दूर करी. २००० च्या सुमारास सान्योच्या ‘बर्न-प्रूफ’ तंत्रामुळे ओघ थांबल्यास लेखनही थांबवून नंतर त्याच बिंदूपासून पुढे सुरू करणे शक्य झाले. नंतरच्या रायटरमध्ये अशी सोय सर्वसाधारणपणे असते. त्यामुळे बफर किती मोठा, हा निकष आज गौण ठरतो. मात्र जुना, वापरलेला रायटर घेताना ही सोय आहे का हे पाहणे आवश्यक असते.

वाचन करणारे यंत्र

तबकडी कोठे वाचली जाणार, यावर तिचा प्रकार ठरतो. नातेवाइकांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालावी यासाठी एका थराची डीव्हीडी-आर साधारणतः अधिक सुरक्षित मानली जाते. काही रायटर डीव्हीडी+आर लिहिताना तिच्यावर ती छापील डीव्हीडी असल्याची नोंद करू शकतात. त्यामुळे जुने प्लेअर ती सहज स्वीकारतात. मोटारीतील किंवा घरातील जुन्या ध्वनिप्रणालीसाठी ऑडिओ सीडी लागते. एमपी३ फाइलींची सीडी प्रत्येक यंत्रावर चालेलच असे नाही.

विकतच्या चित्रपटांच्या डीव्हीडीवर विभाग-संकेत असतो. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये, तर ब्लू-रेसाठी विभाग सी मध्ये येतो. संगणकातील डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग वापरकर्त्यास केवळ पाच वेळा बदलता येतो. त्यानंतर तो कायमचा निश्चित होतो. परदेशातून आणलेल्या रायटरवर भारतात घेतलेली डीव्हीडी न चालण्याचे, तसेच परदेशस्थ नातेवाइकांना पाठवलेली मराठी चित्रपटाची डीव्हीडी तेथे न चालण्याचे हे एक कारण असते. घरी लिहिलेल्या तबकडीवर सामान्यतः असे बंधन नसते. चित्रपटाच्या तबकडीवरील संरक्षक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा भारतात प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे.

कोऱ्या तबकडीचा दर्जा

प्रत्येक लिहिण्यायोग्य डीव्हीडीवर उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक नोंदलेला असतो. रायटर तो वाचून आपल्या फर्मवेअरमधील यादीनुसार लेसरची प्रखरता ठरवतो. यादीत नसलेल्या तबकडीवर तो सर्वसाधारण पद्धत वापरतो आणि लेखनाचा दर्जा घसरू शकतो. एकाच नाममुद्रेखाली वेगवेगळ्या कारखान्यांच्या तबकड्या विकल्या जात असल्याने वेष्टनावरील नाव हा दर्जाचा पुरेसा पुरावा नसतो. उत्पादकाने फर्मवेअरची नवी आवृत्ती दिली असल्यास रायटरला नव्या तबकड्यांची ओळख होते. रायटर व तबकडी यांची जोडी जुळणे हे दोहोंपैकी एकाच्या किमतीपेक्षा अधिक निर्णायक असते. त्यामुळे शंभर तबकड्यांचा गठ्ठा घेण्यापूर्वी त्या प्रकारच्या मोजक्या तबकड्या लिहून पाहणे हितावह ठरते.

लेखन व पडताळणी

विंडोज, मॅकओएस व लिनक्स या प्रणालींत तबकडी लिहिण्याची सोय उपलब्ध आहे. लिनक्सवर के३बी व ब्रासेरो, तर विंडोजवर नीरो व इमजीबर्न ही सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहेत. चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल लिहायची असल्यास यूडीएफ ही फाइलरचना निवडावी लागते. तबकडी इतर यंत्रांवर वाचली जावी यासाठी लेखनाच्या शेवटी ती ‘फायनलाइझ’ करतात, म्हणजे पुढील लेखनासाठी बंद करतात. हे न केल्यास ती लिहिणाऱ्या रायटरवर चालते, पण इतरत्र कोरी दिसू शकते.

‘लेखन पूर्ण झाले’ हा संदेश माहिती बिनचूक उतरल्याची ग्वाही नव्हे. तबकडीवरील त्रुटिदुरुस्तीची योजना बारीक दोष झाकून टाकते. पण दोष वाढत गेल्यास एका मर्यादेनंतर फाइल वाचता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधील ‘व्हेरिफाय’ हा पर्याय निवडून लिहिलेली माहिती मूळ माहितीशी ताडून पाहिली जाते. शक्य असल्यास तबकडी दुसऱ्या ड्राइव्हवरही उघडून पाहतात, कारण एखाद्या रायटरच्या लेसरची स्थिती सरकलेली असल्यास त्याचे लेखन फक्त त्यालाच वाचता येते. ही तपासणी होईपर्यंत मूळ फाइल पुसू नये, असा सर्वमान्य संकेत आहे.

साठवण व ऱ्हास

सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. त्यामुळे खालच्या चकचकीत बाजूपेक्षा वरच्या बाजूस पडलेला खोल ओरखडा अधिक घातक ठरतो. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, तर ब्लू-रेमध्ये तो वाचनाच्या पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असल्याने त्यावर कठीण लेप दिलेला असतो. टोकदार बॉलपेनने तबकडीवर लिहिणे व कागदी लेबल चिकटवणे टाळावे. लेबलमुळे वेगाने फिरणाऱ्या तबकडीचा तोल बिघडतो.

ऊन, उष्णता व दमट हवा यांमुळे रंजकद्रव्य व धातूचा थर खराब होतो. कोकण, मुंबई व गोव्यासारख्या दमट प्रदेशांत पावसाळ्यात तबकड्या उघड्या न ठेवता कडक डबीत, उभ्या व अंधाऱ्या जागी ठेवणे श्रेयस्कर असते. महत्त्वाच्या माहितीच्या दोन प्रती दोन वेगळ्या उत्पादकांच्या तबकड्यांवर लिहून वेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात आणि काही वर्षांनी तपासून नव्या माध्यमावर उतरवल्या जातात. पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्या दीर्घकालीन जतनासाठी वापरत नाहीत.

सद्यस्थिती

पेनड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क व इंटरनेटवरील साठवण यांमुळे तबकड्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर घटला. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये, तर सोनीने २०२५ मध्ये लिहिण्यायोग्य ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. तरीही काही उपयोग टिकून आहेत. सीटी स्कॅन व एमआरआयच्या प्रतिमा रुग्णांना सीडीवर दिल्या जातात आणि त्या घरी पाहण्यासाठी ड्राइव्ह लागतो. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरील फाइल नंतर बदलता येत नसल्याने खंडणीखोर व्हायरसपासूनही ती सुरक्षित राहते. घरात साठलेल्या जुन्या तबकड्या वाचून हार्ड डिस्कवर उतरवणे हेही आता बाह्य रायटर घेण्याचे एक प्रमुख कारण झाले आहे. या कामात लेखनवेगाला महत्त्व नसते. ओरखडे पडलेली तबकडी सावकाश व पुन्हा पुन्हा वाचण्याची ड्राइव्हची क्षमता अधिक उपयोगी पडते. एका ड्राइव्हवर न वाचली गेलेली तबकडी दुसऱ्यावर वाचली जाऊ शकते. म्हणून ती टाकून देण्यापूर्वी निराळ्या बनावटीच्या ड्राइव्हवर तपासून पाहिली जाते.